विश्लेषण : कोल्हापूर-नागपूर हवाई अंतर ७०० किमी, मग वेळ प्रत्येक ठिकाणी वेगळी का दिसते?

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळापर्यंतचे सरळ हवाई अंतर सुमारे ७०० किमी भरते. मोबाइलवर शोधले की कुठे ५० मिनिटे दिसतात, तर कुठे पावणेदोन तास. मग खरे काय?

५० मिनिटे येतात कुठून?

अंतर मोजणारी बरीच संकेतस्थळे दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतात, पृथ्वीच्या गोलाईवरून सर्वांत जवळची रेषा काढतात आणि ताशी ८०० किमीसारख्या ठरावीक वेगाने भागतात. गणित चुकीचे नाही. पण विमान त्या रेषेवरून जात नाही. ते आखून दिलेल्या हवाई मार्गाने जाते, धावपट्टीची दिशा आणि वारा पाहून वळसा घेऊन उतरते. शिवाय चढताना आणि उतरताना वेग बराच कमी असतो.

विमान कोणते, हे महत्त्वाचे

प्रादेशिक मार्गांवर पंख्याचे एटीआर-७२ असेल, तर त्याचा वेग ताशी ५०० किमीच्या आसपास. म्हणजे नुसते अंतर कापायलाच जवळपास १ तास २५ मिनिटे. एम्ब्रेअर-१७५ सारखे छोटे जेट तेच ५५ मिनिटांत कापते. कोल्हापूरची धावपट्टी १३७० मीटरवरून १९३० मीटर करण्यात आली, तरी मोठ्या जेटच्या मानाने ती आखूडच. त्यामुळे इथे छोट्या विमानांचाच विचार अधिक होतो.

तिकिटावरची वेळ आणखी वेगळी असते. विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा हा हिशेब, आणि त्यात कंपन्या थोडी वाढीव मिनिटेही धरतात. विमान ‘वेळेआधी’ पोहोचल्याची घोषणा अधूनमधून ऐकू येते ती यामुळेच! हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून वारे वाहतात, त्यामुळे नागपूरहून कोल्हापूरला येताना काही मिनिटे जास्त लागू शकतात.

घर ते घर किती?

बहुतेक कंपन्यांचे काउंटर उड्डाणाआधी ४५ ते ६० मिनिटे बंद होतात. रस्ता, तपासणी, सामान हे सगळे धरले तर थेट विमानानेही साडेचार-पाच तास मोडतात. तरीही पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला असा वळसा घेणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसला एक दिवसाहून अधिक लागतो, हे विसरता येत नाही. अधिवेशनासाठी किंवा न्यायालयाच्या तारखेला नागपूर गाठणाऱ्यांना हा फरक नेमका कळतो.

थेट विमान नसलेल्या दिवशी मुंबईमार्गे जावे लागते. तेव्हा हवाई अंतरच सुमारे ९९० किमी होते, पण खरी अडचण मधल्या थांब्याची. दोन टप्प्यांची तिकिटे वेगवेगळी काढली आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसरे चुकल्याची जबाबदारी साधारणपणे कंपनी घेत नाही. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर पुढच्या प्रवासाची सोय कंपनीकडे मागता येते. तारीख चुकवून चालणार नसेल, तर आदल्या दिवशीचे विमान धरलेले बरे.