पद्मिनीच्या मीटरमागचा उजेड

जुनी प्रीमियर पद्मिनी रात्री रस्त्यावर काढली की तक्रार ठरलेली: मीटर दिसत नाही. काटा कुठे आहे ते समोरून येणाऱ्या गाडीच्या झोतात तेवढं कळतं. मालक बाजारात जातो, जास्त वॅटचा बल्ब आणतो आणि बसवतो. चार दिवस बरं वाटतं. मग मीटरची प्लास्टिकची काच उष्णतेने पिवळी पडायला लागते आणि उजेड पुन्हा होता तिथेच येतो. दोष बल्बमध्ये असतो तेव्हा तो सरळ विझतो. मंद झालेला उजेड बहुतेक वेळा सांगत असतो की बल्बपर्यंत येणारी किंवा तिथून परत जाणारी वाट खराब झाली आहे. जुन्या गाडीचं वायरिंग करणाऱ्या चांगल्या कारागिराची सगळी विद्या ही वाट शोधण्यात आहे, आणि ती विद्या जपण्याजोगी आहे असं मला मनापासून वाटतं.

वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट तयार होऊ लागली आणि सत्तरच्या दशकात तिलाच पद्मिनी हे नाव मिळालं. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, समोर आडवा, लांबट मीटर. उत्पादन 2000 च्या सुमारास थांबलं. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर 2023 अखेर रस्त्यावरून उतरली. आता उरल्या त्या हौसेने सांभाळलेल्या घरच्या गाड्या. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्या नुकत्याच त्या वयाला पोचल्या आहेत. म्हणजे ज्या कामाकडे कालपर्यंत जुगाड म्हणून पाहिलं जायचं, ते आता जतनाचं काम झालं आहे.

या गाडीत बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून करंट तारेने बल्बपर्यंत येतो, परत मात्र तारेने जात नाही. तो गाडीच्या पत्र्यातून जातो. कारागीर त्याला ‘अर्थ’ म्हणतात. तारेची एक बाजू वाचवणारी ही रचना त्या काळात सगळ्याच गाड्यांत होती, आजही आहे. पण पत्रा गंजतो. मुंबई-कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत तर लवकरच गंजतो.

मीटर उतरवायचा तर आधी बॅटरीचा निगेटिव्ह सोडायचा. यात घाई करणाऱ्या माणसाच्या हाती मी माझी गाडी देणार नाही. डॅशबोर्डमागे उघडी टोकं असतात, एखादं पत्र्याला टेकलं की वायरिंग जळतं. मग मीटर थोडा पुढे ओढून मागची स्पीडोमीटर केबल सुटी करायची. तिचा नट हाताने फिरतो, पण तिथे हात जायला जागा नसते. बोटांच्या टोकांनी, न बघता, अंदाजाने काम चालतं. मीटर बाहेर आला की मागच्या बाजूला पत्र्याचे छोटे होल्डर दाबून बसवलेले दिसतात. होल्डरची पत्र्याची भिंत मीटरच्या पत्र्याला घट्ट टेकली तरच अर्थ मिळतो. वर्षानुवर्षांच्या दमटपणाने तिथे काळपट थर येतो. ‘कार्बन धरलाय’ असं मिस्त्री म्हणतो. पॉलिश पेपरचा तुकडा बोटाभोवती गुंडाळून तो होल्डरच्या कडेवर आणि मीटरच्या भोकाच्या आत हळूहळू फिरवतो. धातू चमकायला लागला की होल्डरचे सैल झालेले कान चिमट्याने किंचित बाहेर काढतो आणि तो पुन्हा दाबून बसवतो. कट्ट आवाज आला की बसला. हाताने ओढून न निघणारा होल्डर हीच त्याची कसोटी.

मल्टिमीटर असेल तर अंदाजाला आकडा मिळतो. दिवा लावलेला ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं होल्डरच्या पत्र्याला लावायचं. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. एक व्होल्ट दिसला तर तेवढा व्होल्ट गंजाने खाल्ला. बारा व्होल्टांतला एक व्होल्ट ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने उतरतो. एक व्होल्ट गेला तर उजेड सुमारे चौथ्या हिश्श्याने घटतो. मीटरचा बल्ब तीन वॅटचा म्हणजे पाव अँपिअर खाणारा. त्याच्या वाटेत साधारण चार ओहमचा अडथळा आला तरी एवढी घट होते. वरून नीट दिसणाऱ्या जोडातही एवढा अडथळा सहज लपतो.

दुसरी जागा फ्यूजची. फियाटच्या जुन्या फ्यूजची दोन्ही टोकं निमुळती असतात आणि ती पितळी पट्ट्यांच्या खाचांत अडकतात. फ्यूज उडालेला नसतो, पण टोकावर कार्बन असतो. तो काढून पुसला आणि खाचेत दोन-तीनदा फिरवून बसवला तरी कितीतरी गाड्यांचे दिवे पूर्ववत होतात. टॅक्सी राहिलेल्या गाडीत मात्र इतक्यावर भागत नाही. हॉर्न, पंखा, टेप यांच्यासाठी मूळ वायरिंग मध्येच सोलून, पीळ देऊन, टेप गुंडाळून जोड दिलेले असतात. असे जोड कापून तिथे नवीन तार नीट सोल्डर करून घ्यावी. वरवर टेप बदलून उपयोग नाही.

गाडीच्या आतल्या दिव्याची गोष्ट निराळी. दार उघडलं की तो लागतो, कारण दाराच्या चौकटीतलं स्प्रिंगचं बटण बाहेर येतं आणि अर्थ जोडतं. डेंटिंग-पेंटिंग करून आलेल्या गाडीत हा दिवा अनेकदा बंद पडतो. बल्ब बदलून पाहतात, फ्यूज पाहतात, काही उपयोग होत नाही. दोष सुंदर नव्या रंगात असतो. बटण ज्या भोकात बसतं तिथेही रंग लागलेला असतो आणि रंगातून करंट जात नाही. बटण काढून भोकाची कड खरवडली, थोडं ग्रीस लावलं की दिवा लागतो. आत लांबट, दोन्ही टोकांना टोप्या असलेला बल्ब असतो. तो पाच वॅटचाच घ्यावा. दहा वॅटचा घातला तर प्लास्टिकचं झाकण मऊ होतं आणि वाकतं. ते झाकण आता नवं मिळत नाही. कुर्ल्याला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात शोधत फिरावं लागतं.

हल्ली बरेच जण सगळे बल्ब काढून एलईडी लावतात. त्यात गैर काही नाही. उष्णता कमी, करंट कमी. पण पांढरा, झगझगीत एलईडी मीटरमागे लावला की त्या आडव्या पट्टीचा पिवळसर, मऊ उजेड जातो आणि रात्री डोळे दिपतात. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात. डॅशबोर्डवरच्या प्रखर उजेडाने ती सवय क्षणात मोडते. त्या काळचा मंद उजेड ही उणीव नव्हती. रस्ता दिसावा म्हणून तो तेवढाच ठेवलेला होता. एलईडी लावायचाच असेल तर उबदार रंगाचा आणि कमी प्रखर घ्यावा. त्याला दिशा असते, उलटा बसवला तर लागत नाही. इंडिकेटर जुन्या तापणाऱ्या फ्लॅशरवर चालत असेल तर एलईडीचा करंट इतका कमी पडतो की त्याची टिकटिक बिघडते.

एका बल्बला हात लावू नये. डॅशबोर्डवरचा लाल, बॅटरी चार्ज होत नाही असं सांगणारा दिवा. डायनॅमोच्या गाडीत तो फक्त इशारा देतो: डायनॅमोचा व्होल्टेज बॅटरीइतका झाला की बल्बच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब येतो आणि तो विझतो. पण ज्या गाडीत ऑल्टरनेटर आहे तिथे बहुतेक वेळा याच बल्बमधून सुरुवातीचा करंट ऑल्टरनेटरच्या फील्डला जातो. एलईडीतून तो पुरेसा जात नाही. मग इंजिन सुरू असूनही चार्जिंग उशिरा सुरू होतं, किंवा होतच नाही, आणि मालक चांगला ऑल्टरनेटर बदलायला निघतो. म्हणून बाकी सगळा डॅशबोर्ड एलईडीवर नेला तरी तिथे तारेचा, मूळ वॅटचाच बल्ब ठेवावा, आणि त्याच जातीचा एक जादा बल्ब गाडीतल्या हत्यारांच्या पिशवीत असू द्यावा.