विश्लेषण : मालवाहू व्हॅनचे छत कापून कॅम्परव्हॅन करता येते का?

रिकामी मालवाहू व्हॅन घ्यायची, आत पलंग आणि ओटा बसवायचा, वर उचलले जाणारे छत लावायचे आणि कुटुंबासह कोकणात किंवा थेट लडाखला निघायचे. अशा ‘चाकांवरच्या घरां’च्या चित्रफिती समाजमाध्यमांवर लाखो जण पाहतात. त्यातल्या अनेक युरोप-ब्रिटनमधल्या असतात. त्या पाहून आपल्याकडेही अनेक जण फॅब्रिकेटरकडे चौकशी करतात. काम करून देणारा कारागीर मिळतोही. प्रश्न आहे तो त्यानंतर ही गाडी रस्त्यावर कायदेशीर राहते का, सुरक्षित राहते का आणि अपघात झाला तर विमा मिळतो का, हा.

पॉप-अप छत म्हणजे नेमके काय?

व्हॅनच्या पत्र्याच्या छताला मोठे आयताकृती भोक पाडून त्यावर फायबरचे वेगळे झाकण बसवले जाते. प्रवासात हे झाकण खाली बसलेले आणि कुलूपबंद असते. गाडी उभी केल्यावर ते वर उचलतात. झाकण एका बाजूने बिजागरीवर उघडते किंवा कैचीसारख्या लोखंडी पट्ट्यांवर सरळ वर जाते. डिकीचे दार वर धरून ठेवतात तशा गॅसच्या दांड्या ते उचलायला मदत करतात. झाकण आणि गाडी यांच्यामध्ये जाड कापडाची भिंत असते आणि तिला जाळीच्या खिडक्या असतात. आत उभे राहता येते आणि वर दोघांना झोपण्यापुरती फळी टाकता येते. कायमस्वरूपी उंच छतापेक्षा याचा फायदा असा, की धावताना गाडीची उंची फारशी वाढत नाही. वारा कमी अडतो, तळघरातल्या पार्किंगमध्ये शिरता येते, झाडांच्या फांद्या लागत नाहीत.

ही कल्पना आली कुठून?

जर्मनीत फोक्सवॅगनने १९५० मध्ये ‘ट्रान्सपोर्टर’ ही मालवाहू व्हॅन बाजारात आणली. पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, घोडागाड्यांच्या धंद्यातून पुढे आलेल्या वेस्टफालिया या कंपनीने तिच्यात झोपण्या-जेवण्याची सोय करणारे फर्निचर बसवले. ब्रिटनमध्ये फोकस्टन येथील मार्टिन वॉल्टर कंपनीने बेडफर्ड व्हॅनवर ‘डॉर्मोबिल’ तयार केली. एका बाजूने उघडणारे, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे तिचे छत ही तिची ओळख ठरली. १९८८ मध्ये फोक्सवॅगनची ‘कॅलिफोर्निया’ आली आणि २००३ पासून तिच्या नव्या पिढीची बांधणी कंपनीने स्वतःकडे घेतली. अशा गाडीचे उघडणारे छत मूळ आराखड्याचाच भाग असते. गाडी विकत घेतल्यावर गॅरेजमध्ये कापलेले छत ही त्यापेक्षा फार वेगळी गोष्ट आहे.

मालवाहू व्हॅनच का निवडतात?

मालवाहू व्हॅनमध्ये मागे आसने नसतात, अस्तर नसते, सपाट तळ आणि मोकळी पेटी मिळते. प्रवासी व्हॅन घेऊन तिची आसने काढून टाकण्यापेक्षा हे सोपे आणि स्वस्त. परदेशातले हौशी लोक म्हणूनच मालवाहू गाडी शोधतात. भारतात मात्र अडचण इथेच सुरू होते. मोटार वाहन कायद्यातील व्याख्येनुसार मालवाहू वाहन हे ‘केवळ’ माल वाहण्यासाठी बनवलेले किंवा तसे जुळवून घेतलेले वाहन असते. तिची नोंदणी व्यावसायिक वाहन म्हणून होते, पाटी पिवळी असते. फिटनेस तपासणी पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावी लागते. म्हणजे छत कापलेली, आत पलंग असलेली ही गाडी ठरावीक काळाने फिटनेस तपासणीसाठी उभी राहणारच.

छत कापल्यावर गाडीच्या मजबुतीचे काय?

व्हॅनचे छत हे पातेल्यावरचे झाकण नव्हे. पातळ पत्र्याखाली आडव्या पट्ट्या असतात आणि त्या दोन्ही बाजूंच्या कड्यांना जोडलेल्या असतात. खड्ड्यातून जाताना गाडीला बसणारा पीळ आणि गाडी उलटल्यास वरून येणारा भार ही चौकट झेलते. भोक पाडताना यातल्या एक-दोन आडव्या पट्ट्या जातात. परदेशातले चांगले कारागीर म्हणूनच भोकाभोवती त्या मॉडेलसाठी तयार केलेली पोलादी चौकट चिकटवून आणि बोल्टने बसवतात. मगच झाकण लावतात. अंदाजाने कापलेल्या आणि अँगल वेल्डिंग केलेल्या छताला अशी खात्री नसते. काही गाड्यांत छताच्या कडेने पडद्यासारख्या एअरबॅग आणि वायरी गेलेल्या असतात. तिथे ड्रिल चालवणे धोक्याचे.

दुसरा शत्रू पाणी. कापलेल्या पत्र्याच्या कडेला प्रायमर आणि रंग नीट लागला नाही तर गंज तिथूनच सुरू होतो. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत तो झपाट्याने पसरतो. कापडाची भिंत ओली असताना छत बंद करून ठेवले तर तिला बुरशी लागते. पावसाळी सहलीहून परतल्यावर छत उघडून कापड वाळवावे लागते. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. गॅसच्या दांड्या झाकणाच्या वजनाप्रमाणे निवडलेल्या असतात. नंतर त्यावर सोलर पॅनेल चढवले, की छत उचलत नाही किंवा वर टिकत नाही.

भारतातील कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ इथे महत्त्वाचे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील, असा बदल मालकाने करू नये, असे हे कलम सांगते. सीएनजी संच बसवणे, दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी जुळवून घेणे अशा काही बाबींना त्यात वाट ठेवली आहे. जानेवारी २०१९ मध्ये आरटीओ विरुद्ध के. जया या केरळमधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणारे बदल चालणार नाहीत, असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने कलम १८२-अ नव्या स्वरूपात आणले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. छत कापून पलंग बसवला, की गाडीची बांधणी, उंची, रिकामे वजन आणि वापर असे सगळेच बदलते. ‘फक्त छतच तर कापले’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही.

अपघात झाला तर विमा मिळेल का?

सर्वात मोठी जोखीम दंडाची नाही, इथली आहे. मालवाहू वाहनातून फुकट प्रवास करणाऱ्यांच्या भरपाईची जबाबदारी सक्तीच्या विम्याखाली विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात ठरवले. मालवाहू व्हॅनच्या मागच्या भागात बसलेले मित्र किंवा झोपलेली मुले कायद्याच्या नजरेत ‘कॅम्परमधले पाहुणे’ नसतात. ती माल वाहण्याच्या जागेत बसलेली माणसे ठरतात. शिवाय विमा कंपनीला न कळवता गाडीत मोठा बदल केला असेल, तर गाडीच्या नुकसानीचा दावाही अडकू शकतो. मागे नवे आसन बसवून त्याला पट्टा लावला तरी तो पट्टा धक्का सोसणाऱ्या तपासलेल्या जागी जोडलेला नसेल, तर अपघातात उपयोगी पडत नाही. वरच्या फळीवर तर चालत्या गाडीत कोणीही झोपू नये, छत कुठेही बसवलेले असो.

परदेशात मग हे कसे चालते?

तिथेही मोकळे रान नाही. जर्मनीत असे बदल तांत्रिक तपासणी संस्थेच्या अभियंत्याकडून तपासून गाडीच्या कागदपत्रांत नोंदवावे लागतात. ब्रिटनमध्ये व्हॅनची नोंद ‘मोटार कॅराव्हॅन’ अशी बदलून घ्यायची तर ती बाहेरूनही तशी दिसली पाहिजे, अशी डीव्हीएलए या नोंदणी यंत्रणेची अपेक्षा असते. बाजूला खिडक्या, राहत्या भागाला वेगळे दार, उंच छत अशी लक्षणे ती पाहते. गंमत म्हणजे या उंच छतात पॉप-अप छत धरले जात नाही. फरक एवढाच, की तिथे एका मालकाला आपली एकच गाडी बदलून नोंदवून घेण्याची रुळलेली वाट आहे. आपल्याकडे ती जवळपास नाही.

भारतात कायदेशीर मार्ग कोणता?

भारतीय नियमांत ‘मोटार कॅराव्हॅन’ हा मान्य प्रकार आहे. आसने व टेबल, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची जागा ही तिची किमान लक्षणे, आणि हे सामान राहत्या भागात पक्के बसवलेले असावे लागते. त्यासाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. वाहन नोंदणीच्या ‘वाहन’ प्रणालीत मोटार कॅराव्हॅन आणि खासगी वापराची कॅम्परव्हॅन असे वर्गही आहेत. मात्र या वर्गात जायचे तर गाडीचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्यातील एआरएआय व सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा महत्त्वाच्या संस्था महाराष्ट्रातच आहेत. ही प्रक्रिया उत्पादक आणि बॉडी बांधणाऱ्या कंपन्यांसाठी आखलेली आहे. एकाच गाडीसाठी ती कोणा हौशी मालकाच्या आवाक्यातली नाही. त्यामुळे व्यवहार्य मार्ग म्हणजे मान्यताप्राप्त नमुन्याची कॅराव्हॅन विकत घेणे किंवा भाड्याने घेणे. बोलेरो कॅम्पर गोल्ड या पिकअपवर आधारित कॅराव्हॅनसाठी महिंद्रने २०२२ मध्ये कॅम्परव्हॅन फॅक्टरी या कंपनीशी करार जाहीर केला होता, तो याच दिशेने.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. केरळनेही त्याच वर्षी आपले धोरण जाहीर केले. ही धोरणे पर्यटन व्यवसाय आणि कॅराव्हॅन उभ्या करण्याच्या जागांपुरती आहेत. केंद्राच्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ त्यांनी शिथिल होत नाही.

छत न कापता काय करता येईल?

बरेच काही. खासगी नोंदणीची प्रवासी व्हॅन घ्यावी आणि तिची आसने काढण्याऐवजी दुमडावीत, कारण आसनसंख्या आरसीवर लिहिलेली असते. दुमडलेल्या आसनांवर सुटी फळी आणि गादी टाकली की दोघांची झोप होते. मागच्या दारात सरकणारी स्वयंपाकाची पेटी ठेवता येते. ती सामान म्हणून आत येते आणि सामान म्हणूनच बाहेर निघते. उभे राहण्याची गरज मागच्या उघड्या दाराला जोडणारा तंबू भागवतो. तो गाडी उभी असतानाच लावायचा असतो. कॅरियरवरचा तंबू घ्यायचा विचार असेल तर धावताना छत किती वजन झेलते, हा आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. कॅरियरबाबतही आधी आरटीओचे मत घ्यावे.

आतल्या सोयी करताना काय सांभाळावे?

वजन पहिले. आरसीवर रिकाम्या गाडीचे वजन आणि एकूण अनुज्ञेय वजन लिहिलेले असते. दोन्हींतला फरक म्हणजे माणसे आणि सामान मिळून मर्यादा. १२ मिलिमीटर जाडीच्या आठ बाय चार प्लायचे एक पान सुमारे २० किलोचे भरते, ५० लिटर पाणी ५० किलोचे. चार माणसे धरली तर छोट्या व्हॅनची मर्यादा चटकन संपते.

वीज दुसरी. १२ व्होल्टच्या बॅटरीवरून इन्व्हर्टर लावून हजार वॉटची किटली चालवायची तर ८० अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो. घरात त्याच किटलीला साडेचार अँपिअरही लागत नाहीत. घरगुती वायर इथे तापून पेटू शकते. जाड वायर आणि बॅटरीलगत फ्यूज हवाच. दिवे, पंखा, मोबाइल एवढीच गरज असेल तर खर्च आणि धोका दोन्ही कमी.

गॅस तिसरा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो तळाशी साचतो, वरची खिडकी उघडी ठेवून बाहेर जात नाही. बंद गाडीत शेगडी किंवा शेकोटी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो, आणि या वायूला वास नसतो. स्वयंपाक गाडीबाहेर करावा. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत जाते आणि थंड पत्र्यावर ते थेंब होऊन साचते. झोपताना थोडी हवा खेळती ठेवली तर गादी ओली होत नाही.

पैसे गुंतवण्याआधी काय तपासावे?

गाडी खासगी नोंदणीची आहे की मालवाहू, हे आधी पाहावे. कोणताही पक्का बदल करायचा असेल तर आरटीओकडे लेखी विचारणा करून लेखी उत्तर मिळेपर्यंत कामाची आगाऊ रक्कम देऊ नये. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्याची लेखी संमती घ्यावी. विमा कंपनीला बदल कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्यावी. तयार कॅम्पर विकत घेत असाल तर आरसीवर वाहनाचा वर्ग कोणता लिहिला आहे, हे स्वतः वाचावे. तिथे ‘मालवाहू’ असेल आणि विकणारा ‘सगळे चालते’ म्हणत असेल, तर पुढच्या फिटनेस तपासणीला किंवा विम्याच्या दाव्याला उत्तर त्याला नाही, तुम्हाला द्यावे लागेल.