एक शब्द, अर्थ अनेक



मागच्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला ताप आला. दवाखान्यातून पातळ औषधाची बाटली आणली. आई म्हणाली, "तू सातवीत आहेस ना, वाच बरं काय लिहिलंय." मी वाचलं, "शेक वेल बिफोर यूज." शेक म्हणजे हलवणे आणि वेल म्हणजे विहीर, एवढंच मला ठाऊक. विहीर कशी हलवायची? मला हसू आलं. "काही नाही गं, असंच छापलंय," असं सांगून मी मोकळी झाले.

दोन दिवस झाले तरी ताप हटेना. उपकेंद्रातल्या सिस्टरनी बाटली उजेडात धरली. तळाला पांढरा गाळ बसला होता. त्या म्हणाल्या, "अगं, इथं वेल म्हणजे चांगलं. बाटली चांगली हलवून औषध द्यायचं. नाही तर आधी औषध कमी पडतं, आणि शेवटच्या चमच्यांत नको तेवढं जातं." भाऊ बरा झाला, पण मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून असे शब्द मी वहीत लिहून ठेवते. त्यातले काही पाहा :

लाईट – उजेड, वजनाला हलका.
राईट – उजवा; बरोबर; हक्क.
मॅच – काडेपेटीतली काडी, खेळाचा सामना.
बॅट – चेंडू मारायची फळी, वटवाघूळ.
फेअर – जत्रा, गोरा, न्यायाचा.
बँक – पैसे ठेवण्याची जागा, नदीचा काठ.

असं का होतं? याची मुख्य कारणे दोन. पहिले, मूळचे दोन वेगळे शब्द बोलता बोलता सारखे होतात. उजेडाचा लाईट आणि हलका लाईट हे मुळात वेगवेगळे शब्द आहेत. दुसरे, एकाच शब्दाचा अर्थ पसरत जातो. इटलीत सराफ बाकावर बसून पैशाची देवघेव करीत. त्या बाकाच्या नावावरून पैशाची बँक आली.

ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी शब्दकोश २० खंडांचा आहे. त्याच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' या शब्दाचे ४३० अर्थ दिले आहेत! सूर्य सेट होतो म्हणजे मावळतो, सिमेंट सेट होतं म्हणजे घट्ट होतं, आणि कपबशांचाही सेट असतो.

पण इंग्रजीला नावं ठेवू नका हं! आपला 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नंबर लागतो, आंबा गोड लागतो. आपण कुठे चुकतो? कारण आपण पूर्ण वाक्य ऐकतो. इंग्रजीतही तेच करावे. शब्द एकटा धरू नये, शेजारचे शब्द पाहावेत. अर्थ जुळत नसेल तर शब्दकोश उघडावा, नाही तर बाईंना, गुरुजींना विचारावे.

पालकांना एक विनंती. औषधाची बाटली किंवा फवारणीचा डबा आमच्याकडून जरूर वाचून घ्या. पण आम्ही अडखळलो किंवा हसलो, तर दुसऱ्या जाणत्या माणसालाही विचारा. आणि मित्रांनो, येत नसेल तर "मला येत नाही" असं सरळ सांगा. त्यात लाज कसली?

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी