शोध मार्गदर्शकाचा – ९ : पत्ता सांगणारा माणूस

मार्गदर्शकाला मोबदला द्यावा का, हा विषय आज घ्यायचं ठरलं होतं. तो आठवडाभर पुढे ढकलतो, कारण नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववत नाही. एका वास्तुविशारदांच्या हाताखाली हा तरुण बरीच वर्षं काम करतो आहे. आराखडा काढण्यापासून गवंड्याशी कसं बोलावं इथपर्यंत सगळं त्यांनीच शिकवलं. आता त्याला जुन्या वाड्यांच्या जतनाच्या कामाची ओढ लागली आहे आणि सरांचा तो प्रांत नाही. तो विचारतो : "दुसरीकडे शिकायला गेलो तर सरांशी बेइमानी होईल का? आणि जायचं तरी कुणाकडे, हे कसं कळणार?"

मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्याला काय हवंय हे शिकणाऱ्याला ठाऊक आहे, असं आपण गेले आठ आठवडे धरून चाललो. पुष्कळदा त्याला ते ठाऊक नसतं. काहीतरी ओढतंय एवढंच कळत असतं. ती ओढ कसली आहे आणि ती कुठे भागेल, हे सांगणारा तिसराच कुणी भेटावा लागतो. या तिसऱ्या माणसाबद्दल फार कमी लिहिलं जातं, म्हणून आजचा सगळा लेख त्याला देतो. उदाहरणं अर्थात गाण्यातलीच, माझा सगळा जीव तिथे आहे.

भीमसेन जोशींची गोष्ट महाराष्ट्रात माहीत नाही असं घर विरळा. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, गदगचं घर सोडून हा मुलगा गुरूच्या शोधात निघाला. विजापूर, पुणे, ग्वाल्हेर असं करत अखेर पंजाबात जालंधरला पोचला. तिथल्या हरिवल्लभ संगीत संमेलनात त्याला विनायकबुवा पटवर्धन भेटले. इतक्या लांब कशाला आलास, सवाई गंधर्व तुझ्या घराजवळच आहेत, त्यांच्याकडे जा, असं बुवांनी त्याला सांगितलं. सवाई गंधर्वांचं कुंदगोळ गदगपासून ७० किलोमीटरच्या आत. जालंधर दीड हजार किलोमीटरहून लांब.

ही गोष्ट सांगताना सगळे भीमसेनांच्या जिद्दीवर थांबतात. मी दरवेळी विनायकबुवांपाशी थांबतो. बुवा विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, ग्वाल्हेर परंपरेचे मातब्बर गवई. पुण्यात १९३२ साली त्यांनी स्वतःचं गांधर्व महाविद्यालय काढलेलं. विद्यालय नवं होतं आणि समोर गाण्यासाठी वणवण करणारा, कष्टाला न भिणारा मुलगा उभा होता. चल पुण्याला, एवढं म्हटलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी त्याला दुसऱ्या घराण्यात पाठवलं. सवाई गंधर्व अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. म्हणजे ज्या स्वरासाठी मुलगा घराबाहेर पडला, त्याच स्वराच्या दारात बुवांनी त्याला नेऊन सोडलं. हे करायला तीन गोष्टी लागतात. त्या क्षेत्रात कुठे काय चांगलं आहे याची माहिती लागते, समोरच्याची ओढ ओळखणारा कान लागतो आणि 'हा माझ्याकडेच राहावा' ही इच्छा आवरता यावी लागते. तिसरी सगळ्यांत दुर्मीळ.

कुंदगोळला काय मिळालं? सकाळी तोडी, दुपारी मुलतानी, संध्याकाळी पूरिया, आणि त्यावर घोटून घेतलेली मेहनत. शिवाय एक गुरुभगिनी मिळाली. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीनं तालमीला यायच्या. संध्याकाळी त्यांना स्टेशनवर पोचवायला भीमसेन जायचे आणि त्या दिवशी काय शिकलात ते गाऊन दाखवा, म्हणून वाटेत गंगूबाईंच्या मागे लागायचे. योग्य जागी पोचलेल्या माणसाला तिथे गुरूखेरीज असं कितीतरी आपोआप मिळत जातं.

आता इमानाचं. घराण्याची शिस्त कडक होती हे खरं, आणि त्याबद्दल उस्तादांना दोष देणं मला पटत नाही. बंदिशी आणि अनवट राग हाच त्यांच्या कुटुंबाचा जमीनजुमला होता, पोट त्यावर होतं. तरीही आपल्याकडचे किती मोठे गवई एकाहून अधिक गुरूंकडे शिकले ते पाहा. भास्करबुवा बखले ग्वाल्हेरचे फैज महंमद खाँ, आग्र्याचे नत्थन खाँ आणि जयपूरचे अल्लादिया खाँ अशा तिघांकडे शिकले. केसरबाई केरकर अब्दुल करीम खाँ, वझेबुवा, भास्करबुवा अशा वाटेनं तिशीच्या उंबरठ्यावर, १९२१ साली, अल्लादिया खाँसाहेबांपुढे बसल्या, आणि मग घर बदललं नाही.

मल्लिकार्जुन मन्सूरांचं उदाहरण तर या तरुणाला अगदी लागू पडणारं आहे. मिरजेच्या नीळकंठबुवांकडे त्यांची ग्वाल्हेरची पक्की तालीम झाली होती, गवई म्हणून नाव होऊ लागलं होतं. अशा वेळी ते जयपूर घराण्याच्या मंजी खाँसाहेबांचे शागीर्द झाले. थोड्याच काळात, १९३७ साली, खाँसाहेब गेले आणि त्यांचे धाकटे भाऊ भुर्जी खाँ यांनी तालीम पुढे चालवली. मन्सूरांची जयपूर गायकी ऐकताना मला नीळकंठबुवांनी केलेली मशागत सतत जाणवते. पहिल्या गुरूचं ऋण दुसऱ्याकडे गेल्यानं फिटत नाही, तसं ते बुडतही नाही.

तेव्हा नाशिकच्या मित्रा, आधी सरांनाच विचार. 'मी जाऊ का?' असं विचारू नकोस. 'वाड्यांचं काम मी कुणाकडे शिकू?' असं विचार. त्यांनी नाव सुचवलं तर त्यांचीच चिठ्ठी घेऊन जा. ते दुखावले तर घाईनं मत बनवू नकोस. तुझ्यावर त्यांचीही वर्षं खर्च झाली आहेत. थोडे दिवस जाऊ दे. त्यानंतरही उत्तर मिळालं नाही, तर त्या क्षेत्रात पुष्कळ पाहिलेला, पण तुला ठेवून घेण्यात ज्याचा काही लाभ नाही, असा माणूस गाठ.

मात्र रिकाम्या हातानं जाऊ नकोस. 'मला जतनात रस आहे' एवढ्यावरून कुणालाच पत्ता सांगता येत नाही. जुन्या नाशकात वाड्यांची वाण नाही. मालकांची परवानगी काढून एकाचं मोजमाप घे. खण किती, तुळया कुठे वाकल्या, ओल कुठून चढते, सगळं टिपून आराखडे काढ आणि ते समोर ठेव. तुझी नजर लाकडात रमते, चुन्याच्या कामात रमते की वाड्यात राहणाऱ्या माणसांच्या गोष्टीत, ते जाणकाराला त्या कागदांवरून दिसेल. सुताराकडे पाठवायचं, अभियंत्याकडे की इतिहासाच्या अभ्यासकाकडे, हे त्यावरच ठरणार.

मोबदल्याचं पुढच्या आठवड्यात नक्की. केसरबाईंना शिकवण्याआधी अल्लादिया खाँसाहेबांनी घातलेल्या अटींपासूनच सुरुवात करू.