कमानीतली रिकामी जागा

१८५/६५ आर १५. टायरच्या साइडवॉलवर उठावदार अक्षरांत कोरलेला हा आकडा टायर बदलण्याची वेळ येईपर्यंत कोणी वाचत नाही. तो एकदा सावकाश वाचून बघावा. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. शेवटचा १५ हा रिमचा व्यास, तो मात्र इंचात. आणि मधला ६५ ना मिलिमीटर ना इंच, ती टक्केवारी आहे: साइडवॉलची उंची रुंदीच्या शंभरात पासष्ट. 'आर' म्हणजे रेडियल. तीन वेगळ्या हिशेबांचे आकडे एका ओळीत बसवलेत, आणि त्यांतून अख्खं चाक उभं करता येतं.

करून पाहू. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०.२५ मिलिमीटर. रिमच्या वर एवढी साइडवॉल आणि खालीही एवढीच, म्हणजे २४०.५. रिमचे १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. बेरीज ६२१.५. चाकाची पूर्ण उंची मिळाली, टेप न लावता.

आता गंमत बघा. याआधीच्या पिढीच्या स्विफ्टच्या साध्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर येतो, महागड्या मॉडेलला १८५/६५ आर १५, आणि बलेनोच्या वरच्या मॉडेलला १९५/५५ आर १६. शेजारी उभे केले तर तिघांचे चेहरे अगदी वेगळे: एक अरुंद आणि फुगीर, एक मधला, एक रुंद आणि चपटा. हिशेब केला तर उंची अनुक्रमे ६१९.६, ६२१.५ आणि ६२०.९ मिलिमीटर. तिघांत मिळून दोन मिलिमीटरचाही फरक नाही! नवा टायर झिजून बदलायला येईपर्यंत त्याची उंची याच्या कितीतरी पट घटते. म्हणजे रिम इंचाने वाढवायची, साइडवॉल तेवढी आखडायची आणि एकूण उंचीला धक्का लागू द्यायचा नाही, हे गणित कारखान्यातच करून ठेवलेलं असतं. स्पीडोमीटर, गिअर, ब्रेक, सगळ्यांनी त्या ६२० मिलिमीटरवर आपापले हिशेब बांधलेले असतात.

अंबरनाथमध्ये सिएटचा कारखाना आहे, तिथे शेतीचे टायर बनतात. मोठ्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला ४८०/७० आर ३८ असा टायर लागतो. तोच हिशेब लावला की उत्तर येतं १६३७ मिलिमीटर. माणसाच्या उंचीचं चाक, आणि लिहिण्याची रीत मात्र स्विफ्टच्या टायरचीच.

हे सगळं ज्याला खरोखर कामाला येतं तो म्हणजे गाडी खाली बसवणारा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात एमएच-०५ नंबरच्या गाड्या पाहत चाललं की अधूनमधून एखादी अशी दिसते: स्प्रिंग बदलून खाली घेतलेली, मोठे अलॉय घातलेली, चाकं मडगार्डच्या कमानीत घट्ट बसलेली. दिसायला देखणी, यात वाद नाही. पण त्या मालकाच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं, 'फुल कट मारला की घासतंय.' मागे चार जण बसले की खड्ड्यातही घासतं. मग अलाइनमेंटवाल्याकडे फेऱ्या सुरू होतात.

घासतं का, हे समजायला चाक आणि कमान यांच्यामधल्या फटीकडे बघावं लागतं. उभ्या गाडीत ती जागा रिकामी, जवळजवळ वाया गेलेली वाटते. खरं तर ती चाकाची वाट आहे. खड्डा आला की चाक वर उसळतं, स्प्रिंग दबते, आणि क्षणभर ती सगळी जागा भरून जाते. स्टेअरिंग वळवलं की पुढचं चाक तिरकं होऊन त्याची एक कड बंपरकडे आणि दुसरी आतल्या चॅसिसकडे जाते. कारखान्याने ही फट दिली ती गाडी भरलेली असताना, वळणावर, खड्ड्यात, असं सगळं एकाच वेळी घडेल हे धरून. गाडी ४० मिलिमीटर खाली बसवली म्हणजे या वाटेतले ४० मिलिमीटर गेले. चाकाचा आकार तोच राहिला, फक्त त्याचं छप्पर खाली आलं.

आता याच गाडीला कोणी 'भरदार दिसतो' म्हणून २०५/६५ आर १५ टायर घालतो. उंची ६४७.५, म्हणजे मूळच्यापेक्षा २६ मिलिमीटर जास्त. यातले निम्मे, १३ मिलिमीटर, चाकाच्या केंद्राच्या वर जातात आणि निम्मे खाली. खालच्या १३ मुळे सगळी गाडी जमिनीपासून तेवढीच उचलली जाते. वरचे १३ मात्र कमानीत घुसतात. म्हणून उंच टायरने गाडी रस्त्यापासून वर जाते आणि तरीही मडगार्डला जास्त घासते. शिवाय चाकाचा परीघ चार टक्क्यांनी वाढल्यामुळे काटा १०० दाखवत असताना गाडी खरं तर त्याहून चार टक्के जोरात धावत असते.

उलट दिशेचा उपाय आणखी मजेशीर. घासतं म्हणून लहान टायर घेऊ, १९५/५० आर १५. उंची ५७६. कमानीत साधारण २३ मिलिमीटर मोकळे झाले, घासणं थांबलं. पण तेवढीच गाडी आणखी खाली उतरली. स्विफ्टचं पोट कंपनीच्या कागदावर जमिनीपासून १६३ मिलिमीटरवर असतं. त्यातून स्प्रिंगचे ४० गेले, टायरचे २३ गेले. उरले १००.

शंभर मिलिमीटर! इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या नियमावलीत स्पीडब्रेकरची उंची नेमकी एवढीच सांगितली होती: १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद, १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. त्या मापाने बांधलेला असेल तर काळजी नाही. स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.४५ मीटर अंतर असतं, आणि एवढ्या अंतरात तो गोलावा जेमतेम ४४ मिलिमीटर वर येतो, कारण चाकंही त्याच चढावर असतात. भूमितीने गाडीचं पोट वाचवलं. पण सोसायटीच्या दारात किंवा शाळेपुढे रातोरात उभा राहिलेला अरुंद, उभट ब्रेकर दोन्ही चाकांच्या मध्ये मावतो, आणि तिथे त्याची सगळी उंची थेट पोटाला भिडते. पावसाळ्यात बदलापूर पाइपलाइन रोडवर पाण्याखालच्या खड्ड्याचा काठ दिसतही नाही. म्हणून या पट्ट्यात गाडी बसवायची असेल तर माझं स्पष्ट मत आहे: दोन-अडीच सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नये आणि चाकाची उंची ६२० च्या आसपासच ठेवावी.

उंचीइतकाच आडवा हिशेबही बघावा लागतो, आणि दुकानात तो सहसा कोणी विचारत नाही. रिमच्या पाठीवर 'ईटी ४५' असं काहीतरी कोरलेलं असतं. हा ऑफसेट: रिमच्या मधोमध असलेल्या रेषेपासून बोल्ट बसतात तो पृष्ठभाग किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे. आकडा जितका कमी, तितकं चाक बाहेर येतं. समजा सहा इंच रुंद, ईटी ४५ रिम काढून सात इंची, ईटी ३५ घातली. रुंदी वाढल्याने दोन्हीकडे १२.७ मिलिमीटर वाढले, वर ऑफसेटने चाक १० मिलिमीटर बाहेर सरकलं. बाहेरची कड २२.७ मिलिमीटर पुढे आली, आतली फक्त २.७ आत गेली. टायरचा आकडा अचूक निवडूनही मडगार्डची आत दुमडलेली पत्र्याची कड टायरला कापत असेल, तर दोष या न वाचलेल्या आकड्याचा असतो. ते घासणं नुसत्या आवाजापुरतं राहत नाही. रेडियल टायरचे स्टीलचे पट्टे रस्त्याला टेकणाऱ्या भागाखालीच असतात, साइडवॉलमध्ये ते नसतात. तिथे चीर गेली की टायरला फुगा येतो आणि तो वेगात फुटू शकतो.

स्प्रिंग कापून गाडी बसवणाऱ्यांसाठीही एक जुना नियम आहे. स्प्रिंगचे वेढे कमी केले की ती त्याच प्रमाणात कडक होते: सहा कामाच्या वेढ्यांतला एक कापला तर ताठरपणा २० टक्क्यांनी वाढतो. तेवढ्याने घासणं थोडं कमी होईलही. पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक खोल खड्ड्यात लोंबलं की स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. कमी उंचीसाठी घडवलेली स्प्रिंग मिळते, ती घ्यावी.

टायरचं मूळ माप ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर छापलेलं असतं, हवेच्या दाबासकट. त्याशेजारी टायरचा भारांक ताडून बघावा: ८८ म्हणजे एका चाकाला ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५. नव्या टायरचा भारांक मूळच्यापेक्षा कमी नसावा. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेर गाडीत फेरफार करायला मनाई करतं, त्यामुळे गाडी बसवण्याआधी आणि मापापासून दूर जाण्याआधी आरटीओत विचारून घेणं शहाणपणाचं.

आणि पैसे देण्याआधी एक तपासणी. मुलांच्या खेळातली माती घ्यायची, तिचे गोळे कमानीच्या आतल्या कडेला, लायनरवर आणि शॉकॲब्सॉर्बरच्या बाजूला चिकटवायचे. चार माणसं गाडीत बसवायची. एक चाक फुटपाथच्या कडेवर हळू चढवायचं, स्टेअरिंग डावीकडे पूर्ण वळवायचं, मग उजवीकडे. उतरून गोळे बघायचे. जो दबला त्याची उरलेली जाडी म्हणजे तिथली खरी फट. ती ५ मिलिमीटर भरली तर रस्त्यावरच्या मोठ्या धक्क्यात टायर तिथे लागणारच. १५ भरली तर तो टायर घ्यायला हरकत नाही.