अपव्यय टाळण्याची विद्या

शेंद्रा येथे २००१ साली स्कोडा मोटारींचा कारखाना सुरू झाला. जगभरच्या मोटार कारखान्यांनी स्वीकारलेली अपव्यय टाळण्याची पद्धत मूळची जपानची. टोयोटा कारखान्यात ताइची ओनो यांनी ती घडविली. सुटा भाग सदोष निघाल्यास मुख्य कारखानाही अडतो. म्हणून टोयोटाने ही विद्या आपल्या पुरवठादारांसही शिकविली.

शेंद्रा परिसरातील शेतकऱ्यांच्या डाळ गिरण्यांनीही ती घ्यावी. तुरीची पोती पुनःपुन्हा हलविणे, चाळण्यांची शोधाशोध व यंत्राचा खोळंबा यांतच नफा गळतो. पोते येण्यापासून डाळ बाहेर पडेपर्यंतचा मार्ग कागदावर काढून व्यर्थ फेऱ्या वगळाव्यात.

मार्च २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय लीन योजनेत उद्यम नोंदणी झालेल्या लघुउद्योगांस सल्लागाराच्या शुल्कापैकी ९० टक्के साहाय्य ठेवले आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती गिरणीचालकांपर्यंत पोहोचवावी.