फिर्यादीपासून निकालापर्यंत : जालना जिल्ह्यातील फौजदारी न्यायव्यवस्था

औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके मिळून 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला आणि पुढे बदनापूर, घनसावंगी व मंठा यांची भर पडून तालुक्यांची संख्या 8 झाली. हा सारा प्रदेश सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असल्यामुळे येथे हैदराबाद संस्थानाचे कायदे चालत. 1860 मध्ये तयार झालेली भारतीय दंड संहिता येथे लागू झाली ती 1951 मध्ये. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली असून, तपास व खटल्याची रीत सांगणारी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्याचे नियम सांगणारा भारतीय साक्ष अधिनियम हे कायदेही त्याच दिवशी अमलात आले.

विद्यार्थ्याने सर्वप्रथम ध्यानात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे ही व्यवस्था एका हातात दिलेली नाही. तपास पोलीस करतात, न्यायालयात सरकारची बाजू सरकारी वकील मांडतो, निवाडा न्यायाधीश करतो आणि शिक्षेची अंमलबजावणी कारागृह विभाग करतो. यांपैकी पोलीस हे राज्याच्या गृहखात्याखाली असतात, तर जिल्ह्यातील न्यायालयांवर देखरेख उच्च न्यायालयाची असते. त्यामुळे पोलीस अधीक्षक जिल्ह्याच्या पोलीस दलाचा प्रमुख असला, तरी अंबड किंवा परतूरच्या न्यायदंडाधिकाऱ्याला तो कोणताही आदेश देऊ शकत नाही. न्यायसंस्था कार्यकारी सत्तेपासून अलग असावी हे राज्यघटनेच्या अनुच्छेद 50 मधील तत्त्व तालुक्याच्या ठिकाणी अशा रीतीने प्रत्यक्षात दिसते.

ग्रामीण भागात या व्यवस्थेचा पहिला दुवा बहुधा पोलीस पाटील असतो. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, 1967 अन्वये नेमलेल्या या व्यक्तीने गावातील गुन्ह्याची किंवा संशयास्पद मृत्यूची खबर ठाण्याला द्यावयाची असते. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर मिळताच ठाण्यात जी लेखी नोंद होते तिला प्रथम खबरी अहवाल म्हणतात. लोकांच्या बोलण्यात हीच ‘फिर्याद’ किंवा ‘एफआयआर’. मंठ्याच्या रहिवाशाच्या बाबतीत गुन्हा दुसऱ्या जिल्ह्यात घडला असला, तरी मंठा ठाण्याला ती खबर नोंदवून घ्यावी लागते व नंतर योग्य त्या ठाण्याकडे पाठवावी लागते; या नोंदीला ‘शून्य क्रमांकाचा गुन्हा’ असे म्हणतात. अहवालाची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, आणि ठाण्याने नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करण्याचा व तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाण्याचा मार्ग कायद्याने खुला ठेवला आहे.

यानंतरचा टप्पा पंचनाम्याचा असून सर्वाधिक महत्त्व त्यालाच द्यावे लागते, कारण खटल्याचे भवितव्य पुष्कळदा येथेच ठरते. पंचनामा म्हणजे घटनास्थळाची, जप्त वस्तूंची किंवा मृतदेहाची स्थिती त्रयस्थ व्यक्तींच्या, अर्थात पंचांच्या, समक्ष लिहून काढलेली नोंद होय. रक्ताचे डाग नेमके कोठे होते, कुऱ्हाड घरातून निघाली की शेतातून, तिला लाखेची मोहोर कोणासमक्ष लावली, हे सारे त्यात यावे लागते; जप्त वस्तू, म्हणजेच मुद्देमाल, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तिची मोहोर शाबूत असल्याचेही दाखवावे लागते. आता झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रण बंधनकारक झाले आहे. ज्या पंचाने मजकूर न वाचता सही केली, तो वर्षा-दोन वर्षांनी उलटतपासात टिकत नाही आणि त्याच्याबरोबर पुरावाही ढासळतो. आरोपीने पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात त्याच्याविरुद्ध सिद्ध करता येत नाही. तिच्या आधारे एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरताच भाग ग्राह्य धरला जातो. मारहाण करून कबुली मिळवण्याचा मोह होऊ नये, हा या नियमामागचा हेतू आहे आणि तो आजही तितकाच आवश्यक आहे.

अटक केलेल्या व्यक्तीला अटकेची कारणे सांगणे, तिच्या नातेवाइकांना कळवणे आणि प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. तेथे तिला चौकशीसाठी पोलीस कोठडी किंवा कारागृहातील न्यायालयीन कोठडी मिळते. तपास गंभीर गुन्ह्यांत 90 व इतरांत 60 दिवसांत संपून दोषारोपपत्र, म्हणजे पुराव्यासह आरोप मांडणारा पोलिसांचा अंतिम अहवाल, दाखल झाले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क प्राप्त होतो. हा हक्क अनेकांना गुन्हेगाराला दिलेली सवलत वाटतो. वस्तुतः तो तपास यंत्रणेवरील वचक आहे.

प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी 3 वर्षांपर्यंत व मुख्य न्यायदंडाधिकारी 7 वर्षांपर्यंत कारावास देऊ शकतो. खुनासारखे खटले सत्र न्यायालयाकडे जातात आणि तेथे दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. जालन्याच्या बाबतीत हे उच्च न्यायालय म्हणजे सुमारे 60 किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर येथील मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ होय.

साक्ष नोंदवताना साक्षीदार ज्या बाजूचा असतो तिच्या वकिलाने विचारलेल्या प्रश्नांना सरतपास, तर विरुद्ध बाजूच्या प्रश्नांना उलटतपास म्हणतात. साक्षीदार आणि आरोपी एकाच गावचे, कधी एकाच भावकीतले असतात. खटला लांबत जातो, मध्यस्थ बसतात, दबाव येतो आणि पहिला जबाब फिरवणारा साक्षीदार ‘फितूर’ ठरतो. कायद्यात कितीही सुधारणा झाल्या तरी साक्षीदाराला निर्भयपणे बोलता येईल अशी स्थिती नसेल, तर त्या कागदावरच राहतात, असे स्पष्टपणे म्हणावे लागेल.

वकील करण्याची ऐपत नसलेल्या आरोपीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विनामूल्य वकील देते. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील बंदी यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. खटला चालू असताना कारागृहात असलेला, म्हणजेच न्यायाधीन बंदी पूर्वी कधी कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरलेला नसेल आणि गुन्हा फाशी किंवा जन्मठेपेचा नसेल, तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ तुरुंगात गेल्यावर त्याची जामिनावर सुटका करण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने केली आहे. तिचा लाभ मिळण्यासाठी बंद्याला ती ठाऊक असावी लागते, म्हणून तिचा प्रसार तुरुंगाच्या आत होणे अगत्याचे आहे.

बलात्कारासारखे काही खटले वगळता फौजदारी न्यायालय कायद्याने सर्वांसाठी खुले असते आणि जिल्ह्यातील न्यायालयांची भाषा मराठी आहे. जालना जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांनी न्यायालयाशी बोलून आपल्या विद्यार्थ्यांना एखाद्या खटल्याचा सरतपास व उलटतपास सलग ऐकण्यासाठी अवश्य न्यावे.